गाण्याला येणारी म्हातारी

लातुरात भजन असो की कव्वाली, ती म्हातारी मंडपाच्या मागच्या खांबाला टेकून बसलेली दिसायची. गाणं रंगलं की तिची बोटं गुडघ्यावर ताल धरायची. एकदा मला म्हणाली, “घरी दम लागतो बाबा. हितं लई मोकळं वाटतं.”

दुष्काळात कार्यक्रम बंद पडले. पुढं लातूर जिल्हा झाला, तेव्हा गाण्याचा मोठा जलसा झाला, पण फक्त पासवाल्यांसाठी. शिपायानं तिला दारातूनच परत पाठवलं.

नंतर ती दवाखान्याच्या रांगेत माझ्या पुढं दिसली, धापा टाकत. डॉक्टर म्हणाले, “आजी, मन रमवा. गाण्याबिण्याला जात जा.”

“गेलते साहेब. हाकलून दिलं.”

डॉक्टरांनी वर न बघता गोळ्या लिहून दिल्या.