त्याची होडी उशिरा काहून आली?

मला त्या वर्षी एका जागी बसवत नव्हतं. आठवीत होते. जेवताना पाय हलत असायचा, वर्गात बाकाचा खिळा उकरत बसायचे, आणि आई वैतागून म्हणायची, "अंगात काय वारं शिरलंय हिच्या!" वडिलांच्या बदलीमुळे आम्ही घाटंजीला आलो होतो. ते तहसील कचेरीत कारकून होते. कापसाची ती वर्षं वाईट होती, त्यांना पंचनाम्यांसाठी सारखं गावोगाव जावं लागे. परत आले की हातपाय धुऊन बराच वेळ नुसते बसून राहत. बातम्यांत आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज यायचं, आणि कशासाठी येतं ते मला पुरतं कळत होतं. म्हणून बातम्यांच्या आधीचा वेळ मी कुणाला देत नसे. त्या वेळात, साडेपाच ते साडेसहा, हिंदीत बोलणारं एक जपानी कार्टून लागायचं.

गोष्ट अशी होती. समुद्रात बारा बेटं. दर पाच वर्षांनी प्रत्येक बेटाने एक लढवय्या पाठवायचा, आणि जो जिंकेल त्याच्या बेटाला गोड्या पाण्याच्या झऱ्याचा ताबा. त्यात एक मुखवटेवाला खलनायक होता. लहानपणी तो स्पर्धेला निघाला, पण त्याची होडी एक दिवस उशिरा पोचली. दारातल्या पंचाने त्याच्या नावावर रेघ मारली आणि त्याला परत पाठवलं. पुढे त्याचं बेट पाण्यावाचून ओस पडलं. मोठा झाल्यावर तो इतरांच्या होड्या बुडवू लागला. आणि हीरो? त्याचे प्रतिस्पर्धी दोनदा पोचलेच नाहीत, म्हणून तो न लढताच पुढे गेला, आणि वर लोकांकडे बघून हसत हात हलवत राहिला. त्या हसण्याची मला भयंकर चीड यायची.

माझं भांडण व्हायचं ते माझ्या वर्गमैत्रिणीशी. तिच्या अब्बांचं बसस्टँडमागे मोटरसायकलचं गॅरेज होतं. लोडशेडिंगमुळे आमच्या कॉलनीतली लाइट सहाला जायची आणि तिच्या मोहल्ल्यातली सहाला यायची. म्हणजे साडेपाच ते सहा मी बघायचे आणि सहा ते साडेसहा ती. मुखवटेवाल्याचं रडवेलं बालपण नेमकं माझ्या अर्ध्या तासात आलं होतं, आणि बुडणाऱ्या होड्या तिच्या. मग दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत जुंपायची.

"त्याच्यावर अन्याय झालाय! खरा लबाड तुझा हीरो आहे. न खेळता पुढे जाताना लाज नाही वाटली त्याला? थांबायचं होतं, म्हणायचं होतं, येऊ दे समोरच्याला, मग लढतो."

"अन् ज्याइले बुडवलं त्याइचं काय?" ती म्हणायची. "उनका क्या कसूर था? दुख असन त्याचं, मी कुठं नाई म्हणतो? पन त्याचं दुख म्हणून दुसऱ्यानं मराव काय?"

मी एवढी ओरडायचे की वर्गातल्या मुली येऊन उभ्या राहत. हरणं मला ठाऊकच नव्हतं. निदान बोलण्यात तरी नव्हतं.

हे सगळं खेळाच्या खोलीत चालायचं, कॅरमभोवती. तिथे आमच्यात तिसरी एक मुलगी होती. ती एसटीने खेड्यातून यायची. तिच्या गावात संध्याकाळी लाइटच नसे, त्यामुळे तिने ते कार्टून एकदाही पाहिलं नव्हतं. आमच्या भांडणातून तिला गोष्ट कळायची, दोन्ही अर्धे जोडून. ती कुणाची बाजू घेत नसे. आम्ही हातवारे करत असताना एकेक सोंगटी शांतपणे पॉकेटात घालत राही. शाळेत तिच्यासारखं कॅरम कुणीच खेळत नव्हतं, आणि हे मी तेव्हाही मनातून मानत होते.

एकदा तिने स्ट्रायकर हातात धरूनच विचारलं, "पन त्याची होडी उशिरा काहून आली?"

ते कुणाच्याच अर्ध्या तासात दाखवलं नव्हतं. मी म्हणाले, "ते महत्त्वाचं नाही." तिसरी म्हणाली, "पंचानं इचारलं तं पाह्यजे होतं."

दिवाळीनंतर शाळेच्या कॅरम स्पर्धा लागल्या. अंतिम सामन्यातल्या दोघींना यवतमाळला जिल्हा स्पर्धेसाठी पाठवणार होते. तिसरी एरवी काही मागणारी मुलगी नव्हती, पण त्या दिवशी आम्हाला म्हणाली, "मले यवतमाळले जाचं हाय. मायच्या दवाखान्यासाठीच गेलतो मी दोनदा. बाकी काईच पाह्यलं नाई." मग तिने फळ्यावरची नावं पुन्हा वाचली. उपांत्य फेरीत तिच्यासमोर मी होते.

सामन्याच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "उद्या येतो का नाई सांगता येत नाई. कापसाचा वेचा आला आमचा, बाया भेटून नाई राह्यल्या." दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी बोर्डाशी दहा मिनिटं बसले. दर मिनिटाला दाराकडे बघत होते, आणि ती येऊ नये असंच मला वाटत होतं. खेळाच्या सरांनी फळ्यावर माझ्या नावापुढे लिहिलं, "पुढे चाल". मी घरी उड्या मारत गेले.

त्याच्या पुढच्या सकाळी ती आली. प्रार्थनेआधीच खेळाच्या खोलीत सरांसमोर उभी होती. बोंडांच्या टोकांनी तिच्या बोटांची कातडी नखांपाशी सोलली होती, काही ठिकाणी लाल चिरा दिसत होत्या. त्या बोटांनी ती खेळायला आली होती. "सर, काल नाई जमलं. आज खेळतो ना मी. एकच गेम."

सर भले माणूस होते. अंतिम सामना दुपारी होता, वेळ होता. त्यांनी डोकं खाजवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मले काई हरकत नाई. पन पुढे चाल तुले भेटली हाय. तू हो म्हण, आत्ता बोर्ड लावतो."

मैत्रीण दारात उभी होती. तिघेही माझ्याकडे बघत होते. त्या वर्षात पहिल्यांदा माझा पाय हलायचा थांबला.

"सर, फळ्यावर लिहिलंय ना," मी म्हणाले. "नियम आहे."

आवाज माझाच होता आणि मला तो मुळीच आवडला नाही. पण मी शब्द मागे घेतले नाहीत. ती मान डोलावून "हो, बराबर हाय," म्हणाली आणि वर्गात गेली. सरांनी हातातली पावडरची डबी खाली ठेवली. मैत्रीण मला काही बोलेल म्हणून मी उत्तरं जुळवून ठेवली होती. तिने काही विचारलंच नाही.

दुपारी मी अंतिम सामना दहावीतल्या मुलीशी हरले. तरी यवतमाळला गेले आणि पहिल्याच फेरीत वीस मिनिटांत बाहेर पडले. परतीच्या एसटीत दोन्ही बाजूंना शेतात बाया ओटीत कापूस वेचत होत्या. मी खिडकीची जागा सोडून आत सरकले.

पुढच्या आठवड्यात कार्टून संपलं. त्या संध्याकाळी कशी कोण जाणे, दोन्हीकडे लाइट होती, आम्ही दोघींनी शेवटचा भाग पूर्ण पाहिला. मुखवटेवाला हरला, समुद्रात पडला, हीरोने चषक उचलला. त्या उशिरा आलेल्या होडीचं पुढे कुणी नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नेहमीसारखं भांडण होईना. सोंगट्या बोर्डावर तशाच पडल्या होत्या. शेवटी तिसरीनेच विचारलं, "मंग काय झालं त्याचं?"

मैत्रीण तोंड उघडणार एवढ्यात मी बोलून गेले, "पंचांनी चूक कबूल केली. त्याची राहिलेली लढत पुन्हा लावली."

मैत्रीण माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता सांगते ही खरं. तिने ओढणी सारखी केली आणि खोलीबाहेर निघून गेली.

"मंग?" तिसरी पुढे वाकून म्हणाली. "जितला का तो?"

"हो," मी म्हणाले. "सहज जिंकला."

तिने सोंगट्या मधोमध गोळा केल्या आणि लावायला घेतल्या.

"थे तं मले मालूमच व्हतं," ती म्हणाली.