अर्ध्या मोळ्या

मनकर्णाबाईचा डावा हात मनगटापासून वाकडा आहे. आष्टीच्या बाजारात भाजी विकताना ती सगळं उजव्या हाताने करते, डावा नुसता मांडीवर पडलेला असतो. कुणी विचारलंच तर "पडले व्हते" म्हणून मोकळी होते. ती पडलेली नाही. तो हात कसा मोडला हे मला ठाऊक आहे, कारण त्यात माझाही वाटा आहे.

साल १९८७. आमच्याकडे ओळीने तिसरा दुष्काळ. विहिरी आटल्या, जनावरं छावणीत गेली आणि दसरा होताच अर्धं गाव ऊसतोडीला निघालं. मी तेव्हा बावीस वर्षांची, घाटाखालच्या एका सहकारी कारखान्याच्या गावात खाजगी दवाखान्यात मदतनीस होते. सहकार सभासदांपुरता, ऊस तोडणाऱ्यांच्या वाट्याला पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या. मी आष्टीची, म्हणून तिकडच्या बायकांशी बोलायला डॉक्टर मलाच पुढे करायचे. बायका यायच्या त्या पोटातलं पाणी, म्हणजे गर्भजल, तपासायला. ही तपासणी खरं तर बाळाला काही आजार आहे का ते बघायची. आमच्याकडे मात्र मुलगा की मुलगी एवढंच विचारलं जायचं, आणि आम्ही सांगायचो. बंदी पुढच्या वर्षी आली.

मनकर्णाला तीन मुली होत्या. चौथ्या खेपेचा चौथा महिना सरला तेव्हा नवरा शहादेव तिला घेऊन आला.

आमच्याकडे सोनोग्राफी नव्हती. डॉक्टर पोट चाचपून अंदाजाने सुई घालायचे. मी तिला लघवीला जाऊन यायला सांगितलं, टेबलावर झोपवलं आणि दोन्ही खांदे दाबून धरले. पहिली सुई नुसतं रक्त घेऊन बाहेर आली. दुसरी दोन बोटं बाजूला घातली. मनकर्णा ओरडली नाही, पण तिची नखं माझ्या दंडात रक्त निघेपर्यंत रुतली. मग नळीत फिकट पिवळं पाणी चढलं.

"दोन दिवस वजन उचलायचं नाही," मी शहादेवला सांगितलं. "पाणी गेलं, रक्त दिसलं, ताप आला, तर लगेच आणायचं. तपासणीचा कागद तीन आठवड्यांनी येईल."

"दोन दिस कावून?" तो म्हणाला. "खाडा पडतोय बाई."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून हिशेबाला एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. एक बसलं की दोघांचा खाडा. शहादेवने त्यावर आपल्या अकलेने उपाय काढला. दुसऱ्या दिवसापासून तो बायकोसाठी अर्ध्या मोळ्या बांधू लागला. आपण तिच्यावर दया करतोय असंच त्याला वाटत होतं. पण ट्रक तेवढाच भरायचा होता. मोळ्या अर्ध्या झाल्या आणि फळीवरच्या फेऱ्या दुप्पट झाल्या.

त्याच दिवशी दुपारी फळीवर असतानाच तिचं लुगडं भिजलं. शहादेव खालून ओरडला, "मुतलीस का काय?" तिने मोळी ट्रकमध्ये टाकली, खाली उतरली आणि पुढची उचलली. चौथ्या दिवशी कोपीत, तापाने फणफणलेली असताना, तिचं पोट पडलं. मुलगा की मुलगी हे बघायचं भान कुणाला नव्हतं, कारण रक्त थांबत नव्हतं. बायकांनी ते बांधाला पुरलं.

हे सगळं मला शहादेवनेच सांगितलं. तीन आठवड्यांनी तो एकटाच दवाखान्यात आला. "म्या तर अर्ध्याच मोळ्या दिल्या," असं दोनदा म्हणाला. मग हात पुढे केला.

"कागद काय म्हनतोय? पोरगीच आसंल. म्हंजी सुटलो."

कागद माझ्यापुढे होता. मुलगी होती, एवढं खोटं मी बोलले असते तर तो हसत परत गेला असता. हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्याचं ते 'सुटलो' ऐकून माझं डोकं फिरलं.

"मुलगा होता," मी म्हणाले. "धडधाकट. तू मारलास, तुझ्या अर्ध्या मोळ्यांनी."

त्याचं तोंड उतरलेलं बघून मला बरं वाटलं. हे आज कबूल करते.

पुढचं त्यांच्या टोळीतल्या बायकांनी सांगितलं. तो थेट उसाच्या फडात गेला आणि "माझा पोरगा पाडलास" म्हणत कोयता उलटा धरून तिच्या तोंडावर हाणला. तिने हात आडवा घातला. पहिल्या घावात मनगट मोडलं, दुसऱ्यात हाड कातडी फाडून बाहेर आलं. तिसरा घाव बसला नाही. उजव्या हातात पाचट सोलायचा तिचा स्वतःचा कोयता होता, तो तिने त्याच्या गुडघ्याखाली घातला. तो बोंबलत सरीत आडवा झाला. तीन पोरींना घेऊन ती तशीच रस्त्याला लागली, ती पुन्हा त्याच्या दारात गेली नाही. हात कुठल्याशा गावठी वैद्याने बांधला, तो तसाच वाकडा जुळला.

गेल्या महिन्यात ती माझ्या घरी आली. तिच्या नातीच्या पहिल्या मुलाला थॅलेसेमिया आहे, दर महिन्याला रक्त चढवावं लागतं. आता नात पुन्हा गरोदर आहे आणि डॉक्टरांनी पाणी तपासायला सांगितलंय.

"परत तीच सुई का?" मनकर्णाने विचारलं.

मी काही लपवलं नाही. आता मशीनवर बाळ बघत बघत बारीक सुई घालतात, काम पाचेक मिनिटांचं. कळ येते, नंतर पोट दुखतं. क्वचित कुणाचं मूल जातं, तेही सांगितलं. पाणी, रक्त किंवा ताप दिसला तर तासभरही थांबायचं नाही. कागद दोन-तीन आठवड्यांनी येतो, त्यात आजाराचं कळतं. मुलगा की मुलगी ते आता सांगत नाहीत. आणि दोन दिवस वजन नाही.

"अर्धी घागरबी न्हाई?"

"अर्धी घागरसुद्धा नाही."

ती मान हलवत उठली. तेव्हा मला राहवलं नाही. "मनकर्णाबाई, त्या दिवशी मी त्याला मुलगी होती असं सांगायला हवं होतं."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "मारताना त्योच वरडत व्हता, दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं म्हून."

छत्तीस-सदतीस वर्षं तिला हे माहीत होतं, आणि दर बाजारी ती माझ्या पिशवीत मूठभर कोथिंबीर जास्त टाकत आली. मला रडू आलं. नातीचा कागद आणायला मी सोबत येते, असं मी म्हणाले.

"नगं," तिने डावा हात पदराखाली घेतला. "राग तुमचा व्हता बाई, हात माझा मोडला. कागद आणाया मीच जाईन."