जळक्या रबराचा वास

आज शिरोलीच्या नाक्यावर ट्रकनं करकचून ब्रेक दाबला आणि जळक्या रबराचा वास आला. वीसेक वर्षांपूर्वी विमानांच्या प्रदर्शनात असाच वास आला होता. आईची भीती मोडावी, तिनं ताईकडं दुबईला जावं, म्हणून मीच तिला तिथं नेलं होतं. भलंमोठं प्रवासी विमान उतरताना धावपट्टीवर दणकन आदळलं, उसळलं, पुन्हा आदळलं. चाकांखालून निळसर धूर निघाला. विमान सुखरूप थांबलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं मात्र माझं मनगट सोडलं नाही.

"मी न्हाय बसायची त्यात. पोरीला सांग, तूच ये की."

कोल्हापूर येईपर्यंत मी हसत होतो. तिला नेलंच नसतं, तर कदाचित तिनं लेकीचं घर पाहिलं असतं.

ताई आली, विमानानंच. पण रक्षाविसर्जनाला.