कप्तानांनी आमच्यासाठी निवडलेली बोट

उभ्या आयुष्यात समुद्र न पाहिलेला माणूस बोटीच्या सफरी विकत होता, हे खरे आहे. माझे धाकटे बंधू प्रत्येक लग्नकार्यात हे सांगून पंगत हसवतात, आणि तेवढ्यापुरता मी त्यांना विरोध करत नाही. परंतु त्यावरून कप्तानांना बोटीतले काही कळत नव्हते, असा जो निष्कर्ष ते काढतात, तो सपशेल चुकीचा आहे.

कप्तानांनी तीस वर्षे लाल बसमध्ये कंडक्टरकी केली. निवृत्तीनंतर उस्मानपुऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत, त्यांनी सहलींचे कार्यालय थाटले आणि भिंतींवर जहाजांची चित्रे लावली. त्यांचे हे नाव गल्लीने त्या चित्रांवरून ठेवले. गिऱ्हाईक आले की ते बोटीचा विषय काढत नसत. "पाचोडच्या गाडीत मागच्या सीटवर बसून या, न् काय होतंय ते मला सांगा," एवढेच म्हणत. "बोट काय न् बस काय, माणूस बघून जागा द्यावी लागती." लोक हसत. मीही हसलो होतो.

माझ्या पत्नीला, सुमनला, एकदा चहूकडे केवळ पाणीच दिसेल अशा ठिकाणी जायचे होते. संसारात तिने स्वतःसाठी मागितलेली बहुधा ही एकच गोष्ट. तिच्या हृदयाचे दुखणे वाढत चालले होते. डॉक्टरांनी त्या हिवाळ्यापुरती परवानगी दिली. पुढच्या वर्षाविषयी ते काही बोलत नव्हते. म्हणजे सफर एकच होती आणि ती फसून चालणार नव्हते. मी मात्र कार्यालयात गेलो तो बंधूंची सिंगापूरची सफर डोळ्यांपुढे ठेवून. ते बोटीच्या सातव्या मजल्यावर राहिले होते. मला दहावा हवा होता, बाल्कनीसह, अगदी पुढच्या टोकाला.

कप्तानांनी तीन कंपन्यांची माहितीपत्रके टेबलावर पसरली, माझे सारे म्हणणे ऐकून घेतले आणि पत्रके पुन्हा गोळा केली. "सर, आधी आपण पाचोडचा बाजार करून येऊ. तुम्ही, ताई न् मी."

मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला शेवटच्या सीटवर बसवणे अपमानास्पद आहे, असे मी त्यांना स्पष्ट सुनावले.

"अपमान इथं झालेला बरा," ते शांतपणे म्हणाले. "तिथं मधी उतरायला थांबा नसतो."

त्या प्रवासाविषयी बंधू असे सांगतात की, सुमनला बस लागली, कप्तान घाबरले आणि त्यांनी आम्हांला खालच्या मजल्यावरची एक कोंदट खोली गळ्यात बांधली. वस्तुस्थिती अशी की, सुमन खिडकीशी बसून शेंगा खात होती. आडूळच्या अलीकडे गाडी थांबवावी लागली, ती माझ्यासाठी. मी बाभळीखाली वाकलो होतो, कप्तान माझी पाठ चोळत होते आणि सुमन पाण्याची बाटली धरून उभी होती.

"होऊ द्या मोकळं, सर," कप्तान म्हणाले. "म्या लई मोठमोठाल्या सायबांच्या पाठी चोळल्यात."

संध्याकाळी घरी परतलो तर बंधू ओट्यावर वाट पाहत बसलेले. "कुणाला लागली मग?" त्यांनी हसत विचारले. मी तोंड उघडण्याआधीच कप्तान म्हणाले, "ताईंना जरा मळमळलं." सुमनने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "सकाळपासून पोटात काही नव्हतं ना, भाऊजी," ती म्हणाली आणि आत चहा ठेवायला गेली. खोटे बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आयुष्यभर बाकावर उभे केले. त्या संध्याकाळी मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी कप्तानांनी निर्णय दिला. सिंगापूर रद्द, मुंबईहून लक्षद्वीप, कारण माघात तिकडचे पाणी संथ असते असे तिन्ही कंपन्यांनी फोनवर सांगितले होते. कंपनी त्यातली सर्वांत जुनी, बोट थोराड आणि सावकाश चालणारी. खोली तिसऱ्या मजल्यावर, बरोबर मध्ये, जिथे हेलकावा कमी. बाल्कनी नाही, एक गोल खिडकी. मी कुरकुरलो तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. "सर, तुम्ही आडवे पडले तर ताई तुमच्या उशाशी बसतील. मग समुद्र कोण बघणार?"

बोटीवर मी एकदाही आडवा पडलो नाही. दुसऱ्या दिवशी किनारा पूर्णपणे नाहीसा झाला. सुमन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत डेकवरच्या खुर्चीत बसून राहिली, आणि मी तिच्या शेजारी. जेवायला उठू म्हटले तर म्हणाली, "थांबा की, अजून कुठंच काही दिसत नाही." असा आनंदी चेहरा मी लग्नातही पाहिला नव्हता.

पुढच्या श्रावणात ती गेली. कप्तान गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांच्या तेराव्याला बंधूंनी पानावर बसल्या बसल्या तीच कथा पुन्हा काढली. मी उभा राहिलो आणि सर्वांसमक्ष सांगितले की बस मला लागली होती, सुमनला नव्हे.

कोणी हसले नाही. बंधूंनी माझा हात धरून मला खाली बसवले आणि ते हळुवारपणे म्हणाले, "दादा, वहिनींवर तुमचा किती जीव, ते आम्हांला ठाऊक आहे. पण त्यांच्यासाठी आता तुम्ही कमीपणा घेऊ नका."

पंगतीतील एकाही माणसाचा माझ्यावर विश्वास बसला नाही. त्या दोघांनी माझी लाज इतक्या मायेने झाकली आहे की ती उघडी करायला आता मीसुद्धा पुरा पडत नाही.