हँडलमधली मटकी

आमची पहिली मोटारसायकल सेकंडहँड होती आणि स्वभावाने तापट. जरा वेग घेतला की तिचं हँडल असं थरथरायचं, की मागे बसलेल्या माझेही दात वाजायचे. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे रोज त्याच गाडीवरून नाशिकहून सिन्नरच्या कारखान्यात जायचे. एसटीने जा म्हणावं, तर यांची पाळी आणि एसटीची वेळ कधी जुळली नाही. संध्याकाळी घरी आले, की चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे, तरी चहा बशीत सांडायचा. बोटांना झिणझिण्या यायच्या आणि बराच वेळ जायच्या नाहीत.

दुसऱ्या कुणाचं एवढ्याने काही अडलं नसतं. पण हे पेटी वाजवायचे. माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, गाण्याचं पथक होतं. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला वस्त्यावस्त्यांतून त्यांना बोलावणं यायचं, आणि पेटीवर हेच बसायचे, अगदी हात पेटीच्या भात्यापर्यंत पोचत नव्हते तेव्हापासून. मामांचा श्वास कुठे तुटणार हे यांच्या बोटांना आधी कळायचं.

त्या माघात एकदा सराव चालू असताना यांच्या बोटाखाली एका पट्टीऐवजी दोन दबल्या. मग पुन्हा तसंच झालं. मामांनी गाणं अर्ध्यावर तोडलं.

"ही बोटं हायेत का लाकडं?" ते म्हणाले. "जयंतीला असं चालायचं नाय. तवर हात सुधरले तर ठीक, नायतर मी मनमाडचा पेटीवाला सांगून ठेवतो."

मामा उगाच बोलणाऱ्यातले नव्हते. यांनी पेटीचं झाकण लावलं आणि न जेवताच झोपले. वडिलांच्या शेजारची ती जागा गेली, तर हा माणूस कोमेजून जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तोही मामांचा नाही, त्या मेल्या गाडीचा.

मग आमचे उपाय सुरू झाले. यांनी मुठींवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेढे दिले. मुठी एवढ्या जाड झाल्या की क्लच दाबायला बोटंच पुरेनात. मी उशीतला स्पंज कापून दिला, तो आठवड्यात चुरगळून गेला. हातमोजे घातले, तर झिणझिण्या आणि घाम असं दोन्ही सुरू झालं. शेवटी कारखान्यातल्या कुणीतरी सांगितलं, की हँडलचा पाइप पोकळ असतो, म्हणून तो थरथरतो. आत बारीक, जड काहीतरी ठासून भरा, वाळू वगैरे, म्हणजे थरथर आतल्या आत जिरते.

रविवारी यांनी मुठी काढल्या आणि आमच्या नाशिकच्या गंगेवरून आणलेली वाळू पुढ्यात घेऊन बसले. वाळू ओली होती. "पाइप गंजेल गं," असं म्हणून उठले, ते थेट स्वयंपाकघरात शिरले. बाई, पुरुष स्वयंपाकघरात शिरला की समजावं, काहीतरी जाणार. गेली ती माझी मटकी. नामपूरहून आईने पाठवलेली, निवडलेली, डबाभर. बारीक, गोल, कडक, अगदी कोरडी. पाइपात अशी सळसळ उतरली, की यांच्या चेहऱ्यावर दिवाळी. टोकांना कापडाचे बोळे कोंबले, वरून मुठी चढवल्या, आणि मला म्हणाले, "बस मागे."

आम्ही गंगापूरच्या धरणापर्यंत गेलो. गाडी गुरगुरत होती, पण हँडल गप्प. हे मोठमोठ्याने गात होते आणि मीही पदर सांभाळत गात होते. तिथे पोचल्यावर यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. एकही बोट थरथरत नव्हतं. मला इतका आनंद झाला, की मटकीचा जाब विचारायचा राहून गेला.

पंधरा दिवस सरावात एक सूर चुकला नाही. मामा काही बोलले नाहीत, आणि मामा बोलले नाहीत म्हणजे खूश आहेत असं आम्ही धरायचो.

मग रंगपंचमी आली. आमच्या घरात कुणी रंग खेळत नसे, पण नाशिकच्या रंगपंचमीला हे सांगणार कोण? पेटीचा सूर दुरुस्त करायचा म्हणून हे नेमके त्याच दिवशी जुन्या गावात गेले. तिथे रहाडी असतात, जमिनीतले दगडी हौद. त्या दिवशी त्या उघडून रंगाच्या पाण्याने भरतात आणि दिसेल त्याला आत ढकलतात. यांनाही ढकललं. गाडी तेवढी रहाडीत टाकता येईना, म्हणून तिच्यावर बादल्यांवर बादल्या ओतल्या. हे नारिंगी होऊन घरी आले, नशीब की पेटी दुरुस्तीवाल्याकडे सुखरूप राहिली होती.

मधला दिवस सुटीत गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर निघाले. किक मारायला मूठ धरली, तर मूठच हातात आली. मागोमाग बोळा उडाला आणि पाइपातून फुगलेली मटकी बाहेर आली. मोड आलेली, लांबसडक मोडांची आणि नारिंगी! कॉलनीतल्या बायका पाणी भरायच्या सोडून जमल्या. त्यात माझी आईही होती, आदल्याच दिवशी नामपूरहून आलेली. तिने एक दाणा उचलून उजेडात धरला.

"हाई काय शे व माय?" ती म्हणाली. "मी ती मटकी उसळ कराले धाडेल व्हती!"

मी जमिनीवर बसून हसले. पोट दुखेपर्यंत हसले. यांचा चेहरा बघितला तेव्हा थांबले. मामा दारात उभे होते. "जयंती तोंडावर आली," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

हे तारेने पाइप कोरत बसले आणि मी विचार करत बसले. धान्य नको, त्याला मोड येतात. वाळूला येत नाहीत, पण ती ओली असते. आणि मग आठवलं, फुटाणेवाला काय करतो? वाळूच तर भाजतो! मी स्टोव्ह पेटवला, कढई ठेवली, गंगेची वाळू चाळून ओतली आणि उलथण्याने हलवत बसले.

मामा पाणी प्यायला आले. "काय भाजतीस?"

"वाळू."

ते कढईत डोकावले. "मीठ घाल चवीपुरतं," म्हणाले आणि तांब्या घेऊन गेले.

वाळू गार झाल्यावर भरली. या वेळी बोळे नाहीत, औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं लावली, आणि वरून मेणबत्तीचं मेण. गाडी रहाडीत बुडवली असती तरी थेंब आत गेला नसता. हँडल जड झालं आणि थरथर पुन्हा जिरली.

जयंतीच्या संध्याकाळी हे कामावरून तडक मांडवात आले, हातसुद्धा न धुता पेटीवर बसले. मी समोर बायकांत होते, माझा जीव यांच्या बोटांत. पहिलं गाणं सुरू झालं आणि सूर असे उमटले, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मनमाडचा कुणी आलाच नव्हता. मामांनी त्याला बोलावलंच नव्हतं, हे मला तिथेच पथकातल्या लोकांकडून कळलं.

कार्यक्रम संपल्यावर मी मामांना पाणी नेऊन दिलं. त्यांनी पेला घेतला आणि पाणी हिंदकळून सदऱ्यावर सांडलं. त्यांचे दोन्ही हात थरथरत होते. नजर मात्र पेटी पुसणाऱ्या लेकावर होती.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "ती भाजलेली वाळू हाय का गं उरलेली थोडी?"