आधी पाय, मग बोट

साखळीगुरुजी कुठल्याही वर्गात शिरले की आधी भिंतीवरचा नकाशा खाली उतरवत. वर्ग कुणाचा, तास कुणाचा, आत कोण शिकवतंय, कसली विचारपूस नाही. खिळ्यावरची दोरी काढायची, नकाशा जमिनीवर पसरायचा, ऊन कुठून येतंय ते पाहून तो फिरवायचा आणि सगळ्यांना भोवती उभं करायचं. "भिंतीवर टांगला की नकाशाचं कॅलेंडर होतं," असं ते म्हणत. "पोरांना वाटतं, हिमालय छताला टेकलाय आणि कन्याकुमारी बाकाखाली लोळतेय." नकाशाजवळ येणाऱ्याने चपला दाराबाहेर काढायच्या, हा त्यांचा दंडक होता. मग तो शिपाई असो की हेडमास्तर.

त्यांचं खरं नाव स्कूल बोर्डाच्या कागदांवर असेल, आम्ही ते कधी उच्चारलं नाही. जमीन मोजायची जुनी लोखंडी साखळी त्यांनी कुठल्याशा लिलावात घेतली होती आणि ती किंतानाच्या पिशवीत घालून ते खांद्यावर बाळगत. चालताना ती खुळखुळायची. दुपारच्या व्याख्यानाला मागच्या बाकावर पेंगणारे शिक्षक त्या आवाजाने सावरून बसत. मांजराच्या गळ्यात घंटा बांधलीय, ती उंदरांच्या सोयीसाठी, असं मी एकदा म्हटलं. गुरुजींनी ते ऐकलं आणि पुढचा आठवडाभर पिशवी माझ्याकडे दिली.

पन्नासचं दशक अर्धं उलटलं होतं. इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी सुट्टीत चिंचवडला उजळणी वर्ग भरत आणि गुरुजी ते चालवत. मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते. इतिहास म्हणजे सनावळ्या आणि सनावळ्या म्हणजे छडी, इतकीच माझी समज होती. पहिल्याच दिवशी मी चाकणच्या वेढ्यावर पाठ घेतला, तोंडपाठ आणि बिनचूक. गुरुजींनी तो पुरा ऐकून घेतला आणि विचारलं, "बाई, त्या भुईकोटाला एक फेरी मारलीत का कधी?" मी नकारार्थी मान हलवली. "मग तुम्ही आत्ता सांगितलंत ते कुणाचं? आधी पाय, मग बोट. पायाखालून गेलं नाही, त्यावर बोट ठेवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आमची वरात चाकणला. आमच्यातले कदमगुरुजी चाकणचेच. कांद्याच्या बाजाराला जाताना ते नेहमी त्या तटाशेजारून जात, पण आत कधी शिरले नव्हते. "घरचंच हाय म्हणून ऱ्हाऊन गेलं बघा," ते ओशाळून म्हणाले. गुरुजींनी आम्हाला उन्हात खंदकाच्या कडेने चालवलं. तोफा कुठून आल्या असतील, पाणी कुठून तोडलं असेल, हे विचारत विचारत चालवलं. माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी मनातल्या मनात त्यांना पुष्कळ बोलले. पण तो वेढा मला आजही पाठ करावा लागत नाही.

त्या वर्षीचा दिवाळीनंतरचा वर्ग मात्र वेगळा होता. उजळणी वर्गाला दरवर्षी तात्पुरती मंजुरी मिळे. या खेपेला शेवटच्या दिवशी शिक्षण खात्याचे डेप्युटीसाहेब स्वतः पाहायला येणार होते. शिक्षकांनी आपल्या हातांनी मोजून एका गावाचा नकाशा करून दाखवायचा. तो पसंत पडला तर चिंचवडला कायमचं केंद्र होणार आणि गुरुजी त्याचे प्रमुख. नाही तर गुरुजींनी परत आपल्या मूळ जागेवर जायचं, खेडच्याही वर, डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेत. काकूंना, म्हणजे गुरुजींच्या पत्नीला, दमा होता आणि त्या डोंगरातला पावसाळा त्यांना सोसणारा नव्हता. गुरुजी याबद्दल चकार शब्द काढत नसत. काकूच मला एकदा चहा गाळताना म्हणाल्या, "नकाशा नीट करा गं बाई. मला तिकडं परत न्हाई जायचं."

गुरुजींनी पवनेच्या काठचं एक लहान गाव निवडलं. तीन-चार दिवस आम्ही साखळी ओढली, खुंट्या ठोकल्या, लाल झेंड्या रोवल्या. नकाशा देखणा उतरत होता. पण या सगळ्यात एक चूक झाली होती आणि ती नेमकी मास्तरांच्या हातूनच व्हावी अशी होती. गुरुजींनी गावाला विचारलंच नव्हतं. शिक्षकाला गावात शिरायला परवानगी कशाला, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटे. त्या दिवसांत कारखान्यांना जमिनी जाणार, ही बोलवा गावोगाव पसरली होती. शेजारच्या शिवारात आधी अशाच झेंड्या लागल्या होत्या आणि मागून नोटिसा आल्या होत्या. हे आम्हाला ठाऊक होतं. पण आपण म्हणजे शाळा, आपल्याला कोण सरकार समजेल, या भ्रमात आम्ही होतो.

शेवटची खुंटी ठोकत असताना माणसं जमायला लागली. आधी बांधावर दोघं-तिघं, मग सगळं गाव. किसन नावाचा एक तरणाताठा गडी पुढे आला आणि साखळीवर पाय ठेवून उभा राहिला. "कुणाची मोजणी चाललीया?" त्याने विचारलं.

"शाळेची," गुरुजी म्हणाले. "आम्ही शिक्षक आहोत."

"मास्तर शाळा मोजत्यात. रानं कशापायी मोजताय?"

कदमगुरुजी समजावायला पुढे झाले, त्यांना कुणीतरी ढकललं. आम्हाला मारुतीच्या देवळासमोर नेलं. म्हणजे आम्ही चाललो, पण चारी बाजूंनी माणसं होती. तिथे किसनने नकाशाची सुरळी हिसकावून घेतली आणि काडेपेटी काढली.

"एकदा बघून घ्या, मग काय ते करा," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी हात पुढे केला. किसनने काय विचार केला कोण जाणे, पण सुरळी परत दिली. गुरुजींनी चपला काढल्या आणि नकाशा देवळापुढे जमिनीवर पसरला, नदीच्या बाजूला नदी आणि रस्त्याच्या बाजूला रस्ता येईल असा. माणसं वाकली. आपलं घर, आपला गोठा, आपली वाट, बोटं फिरायला लागली. एका म्हातारीने बराच वेळ शोधलं आणि गुरुजींनाच दरडावलं, "माझी जांभळ कुठं हाय? हिरीच्या वरल्या अंगाला एवढी जांभळ, ती दिसली न्हाई व्हय तुमास्नी?" ती किसनची आई होती. गुरुजींनी खिशातून पेन्सिल काढली आणि तिच्या सांगण्याबरहुकूम जांभळ काढली. मग दुसऱ्याने म्हसोबा सांगितला, तिसऱ्याने बैलांच्या जाण्यायेण्याची पाणंद. आमच्या साखळीला न सापडलेलं गाव कागदावर उतरू लागलं. मला वाटलं, सुटलो.

सगळं भरून झालं तेव्हा किसन म्हणाला, "लई ब्येस झालं, गुरुजी. म्हणून तर ऱ्हाऊ द्यायचं न्हाई. कागदावर आलं की जमीन जाती. आमी बघितलंय."

गुरुजी नकाशाकडे पाहत राहिले. त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे काय होतं, ते मला पक्कं माहीत होतं, कारण माझ्याही पुढे काकूच होत्या. नको म्हणा, असं मला ओरडावंसं वाटत होतं. सरपंचांना बोलवा, पोलीसपाटलांना बोलवा, काहीही करा. "तुमच्या दारात विचारल्याशिवाय आलो, ही माझी चूक," ते म्हणाले. "हे गाव आता कागदावर येणार नाही. शब्द देतो." त्यांनी किसनकडून काडेपेटी घेतली आणि नकाशा स्वतः पेटवला. मग वहीतली मोजणीची टाचणंही त्यात घातली.

परतताना मी त्यांच्याशी भांडले. आम्हा सगळ्यांना गाव पाठ झालं होतं. शाळेच्या फरशीवर खडूने काढता आलं असतं. "फरशी म्हणजे कागद नव्हे," मी म्हटलं. ते चालता चालता थांबले. "बाई, दिलेल्या शब्दाला भोकं पाडायला तुम्ही इतिहासात शिकलात का?" एवढंच म्हणाले आणि पुन्हा साखळी खुळखुळू लागली.

डेप्युटीसाहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी मोकळी फरशी पाहिली, आमचे उतरलेले चेहरे पाहिले. "गुरुजी, काहीतरी दाखवा हो. मी काय बघून शिफारस करू?"

"केला होता साहेब. ज्यांचा होता त्यांनी परत मागितला."

महिनाभरात हुकूम आला. चाकणमार्गे जाणाऱ्या मोटारीवर मी त्यांना पोचवायला गेले. टपावर ट्रंक, वळकटी आणि किंतानाची पिशवी. काकू खिडकीशी बसल्या होत्या आणि मोटार सुटण्याआधीच खोकत होत्या. गुरुजींना मी नमस्कार केला, काकूंच्या डोळ्यांकडे मात्र मला बघवलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात त्या गेल्या. गुरुजी पुढे बरीच वर्षं तिथेच शिकवत राहिले आणि तिथेच संपले. मला त्या गावाचा राग आला होता. खरं सांगते, तो पुरता कधी गेला नाही.

गाव तरी कुठे राहिलं. कागदावर न येताही जमिनी गेल्या. कारखाने आले, रस्ते आले, विहीर बुजली. मी निवृत्त झाले. एके दिवशी एक म्हातारे गृहस्थ घर शोधत आले. कंपनीत उभी हयात काढलेले, हातात टोपी. "मी किसन," ते म्हणाले. "काडी मीच काढली व्हती." मी त्यांना बसा म्हटलं नाही.

ते उभ्या उभ्याच बोलले. नातवंडं विचारतात, आपलं गाव कुठं होतं. दाखवायला जावं तर नुसत्या भिंती आणि फाटकं. घर कुठल्या अंगाला होतं, हे आता त्यांचं त्यांनाही उमगत नव्हतं. "कुणाच्यात भांडण न्हाई, बाई, पर कुणाला नीट आठवत बी न्हाई. कदमगुरुजी व्हते तवा म्हणायचे, बाईंना सगळं पाठ हाय. त्यो शबुद आमीच घेतला व्हता. आमीच सोडतो."

मला काकूंचा खोकला ऐकू आला. मग सतरंजी गुंडाळून ठेवली, खडू आणला आणि सूर्य कुठे आहे ते खिडकीतून पाहिलं. गुडघे वाकवून खाली बसायला त्रास झाला. पवनेची रेघ ओढली, मारुती काढला, पाणंद काढली, विहीर काढली. तिच्या वरच्या अंगाला जांभळ.

किसनराव वाकून बोट ठेवायला गेले, तशी मी त्यांना थांबवलं आणि चपला बाहेर काढून यायला सांगितलं. ते अनवाणी आत आले. मारुतीपासून पाणंदीने निघाले, हळूहळू, एकेक पाऊल टाकत. विहिरीला वळसा घातला आणि जांभळीपाशी येऊन उभे राहिले.