तो अंगठा माझा नाय

कागद जवळ धर गं जरा. फोनवर तू नुसती "हो मावशी, हो मावशी" करतेस आणि शेवटी म्हणतेस, "माफ कर ना त्या साहेबाला, त्यालापण लेकरंबाळं असतील." भिवपुरीहून माझ्या दारापर्यंत यायला तुला वर्ष पुरलं नाय, आणि दुसऱ्याला माफी वाटायला दोन मिनिटं पुरली! शहाणी कुठली. म्हणून पत्रच लिहायला बसले. आधी वाच, मग शिकव मला.

मी त्या साहेबाची फरशी पुसली.

हे तुला सांगितलं नव्हतं. कोणालाच नाय.

लावणी होऊन पंधरा दिवस झाले होते. माझं एकच खाचर, तुला ठाऊक हाय. त्याच्या वरच्या अंगाला बंगल्यांची वसाहत झाली, आणि तिच्या रस्त्याचं पावसाळी गटार आणून माझ्या बांधावर सोडलं. मी काय बोलले नाय. वरच्याचं पाणी खालच्यानं घ्यायचं आणि पुढं खाली सोडायचं, ही भातशेतीची रीत. जो अडवतो त्याला गावात तोंड दाखवता येत नाय.

पण गटारातून पाणी यायचं थांबलं आणि निळं-काळं काहीतरी यायला लागलं. रोपं आधी पिवळी पडली, मग मुळातून काळी. पाळत ठेवली. जोराचा पाऊस लागला की भरदुपारी एक टँकर यायचा, त्याचा ड्रायव्हर गटाराचं झाकण उचलायचा आणि पाइप आत सोडायचा. पावसात सगळं धुऊन जातं, कोणाला कळत नाय, ही त्यांची अक्कल. मी प्लास्टिक पांघरून बांधावर बसले आणि गाडीचा नंबर लिहून घेतला. हो, लिहून.

अर्ज लिहिला, खाली सही केली, त्या काळ्या पाण्याची बाटली भरली, आणि शेतातून तशीच कचेरीत गेले. गटारं बघणारा साहेब खुर्चीत. बाटली त्यानं टेबलावर ठेवू दिली नाय.

"आजी, हे तुमच्या म्हशीचं मूत तर नाही ना?"

खोलीतली चार माणसं हसली. मग त्याची नजर खाली गेली. दारापासून टेबलापर्यंत माझ्या पायांचे काळे ठसे.

"हे काय करून ठेवलंत? पुसून घ्या आधी."

शिपाई बिचारा फडकं घेऊन पुढं आला. साहेबानं त्याला थांबवलं. "तू नको. त्यांनाच पुसू दे."

मी पुसलं. उकिडवी बसून. गुडघा कडाडला, त्यावर परत हसले. कोपऱ्यात एक डाग राहिला होता, तो साहेबानं बुटाच्या टोकानं दाखवला. तोही पुसला. आणि बाहेर पडताना काय म्हणाले मी? "येते साहेब."

तेच जास्त जाळतं गं. कोणी माझा हात धरला नव्हता. वरून आलं, मी घेतलं. जन्मभराचं वळण.

महिन्यानं टपालानं कागद आला. 'तक्रारदाराच्या समक्ष जागेची पाहणी केली. गटारात फक्त पावसाचे पाणी आढळले. तक्रारदाराचे समाधान झाले.' खाली निळा अंगठा. अंगठ्याखाली माझं नाव.

पाहणीच्या त्या तारखेला कोणी फिरकलं नव्हतं. मी दिवसभर खाचरात मेलेली रोपं उपटत होते. आणि अंगठा? तुझ्या आईच्या पाटीवर, गोठ्यात बसून अक्षरं गिरवली मी. बँकेत सही करते, रेशनला सही करते. वाकडी असेल, पण सही. अर्जावरही होती! पण त्यांनी पाय बघितले मातीचे आणि ठरवून टाकलं, ही अंगठाछाप. अर्जाची घडी उघडायचीसुद्धा गरज वाटली नाय.

कागद तीनदा वाचला. रडले नाय. फावडं घेतलं आणि धाकट्या जावेला हाक मारली.

ती घाबरली. "अगं बाय, वरच्याचं पाणी अडवलं तर गाव थुंकंल आपल्यावर."

"पाणी हाय का हे? घाल हात. घाल ना!"

तिनं हात घातला नाय. पदर खोचला आणि पोत्याचं तोंड धरलं.

मातीची पोती, वर पेंढा कालवलेला चिखल. बांध घालायला आमाला कोण शिकवणार? संध्याकाळच्या आत गटाराचं तोंड बंद. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला, टँकर आला, आणि सगळं वर फिरलं. बंगल्यांच्या फाटकात, हिरवळीवर, पांढऱ्या गाड्यांच्या चाकांखाली. मी बांधावर बसून भाकरी खाल्ली. गोड लागली गं. खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः आला.

"आजी, कायदा हातात घेऊ नका."

"माझ्या हातात चिखल हाय, साहेब. कायदा तुमच्याकडंच हाय. काढा की बाहेर."

बंगलेवाले मागं मोबाईल काढून उभे. म्हणून पंचनामा झाला. टँकरचा नंबर मी लिहायला लावला. बाटल्याही साहेबाच्याच हातानं भरायला लावल्या, आणि तो वाकला तेव्हा मी नजर हटवली नाय. शेवटी कारकुनानं सवयीनं शाईची डबी माझ्यापुढं धरली. मी त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं. सही केली. सावकाश, आडनावासकट. मग पिशवीतून जुना कागद काढला.

"साहेब, मग हा अंगठा कोणाचा?"

एका बंगलेवाल्या बाईनं पुढं होऊन कागदाचा फोटो काढला, आणि तिथून चौकशी लागली.

परवा तो बायकोला घेऊन घरी आला. मिठाईचा खोका पुढं केला, माझ्या पायाशी वाकला. "आई, चूक झाली. नोकरी जाईल माझी." आजीची आई झाले मी एका कागदानं! पाय मागं घेतले. म्हटलं, "जाईल तर जाईल." खोका त्याच्या बायकोच्या हातात परत दिला. तिचे डोळे भरले होते. मला दया यायला हवी होती. आली नाय.

लोक म्हणतात, मिटव आता, कडावला लेकीकडं जाऊन राहा चार दिवस. का जाऊ? यंदाचं भात गेलं. थंडीत वाल पेरीन म्हटलं, तर ती माती उगवू देईल की नाय, देव जाणे. टँकर कोणाचा, तो कोणी पाठवला, कागद कोणी रचला, एकेकाचं नाव घेणार हाय मी, त्याच्या तोंडासमोर. हात जोडले तरी थांबणार नाय. बांधही निघणार नाय.

सोमवारी चौकशीला बोलावलंय. तू रविवारीच ये, मुक्कामाला. सांभाळून घ्यायला नको येऊस, समजूत घालायला तर अजिबात नको. माझ्या शेजारी बस, आणि मावशी बोलताना त्या माणसाचं तोंड कसं होतं ते नीट बघ. ये गं लवकर.